खपलीची कड

मे महिन्यात अलिबागला मावशीकडे गेले होते. घामाने अंग चिकचिकत होतं, पंख्याखाली बसूनही जीव नकोसा झाला होता, आणि मावशीची पंधरा वर्षांची नात लांब बाह्यांचा शर्ट घालून, मनगटाची बटणंसुद्धा लावून, गोष्टीचं पुस्तक वाचत बसली होती. जेवतानाही तिने बाह्या वर केल्या नाहीत. बाहीची कड आमटीत बुडाली तरी नाही. मला कुणी काही सांगावं लागलं नाही.

दुपारी ती आत झोपली आणि मावशी नि मी पडवीत वाल सोलायला बसलो. मोड आलेले कडवे वाल, कोमट पाण्याचं पातेलं, सालांसाठी जुनं वर्तमानपत्र. मावशी चौतीस वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर होती. मी चौदाव्या वर्षापासून स्वतःची त्वचा कोरते आहे: हनुवटी, खांदे, अंगठ्यांच्या नखांच्या कडा. जखमांबद्दल आम्हां दोघींनाही कळतं, पण वेगवेगळ्या बाजूंनी.

"हातांची पार चाळण केलीय पोरीने," मावशी म्हणाली. "दंडावर बारीक बारीक दाणे आहेत, ते नखाने उकरते. रक्त येतं. मग खपली धरते, तर ती काढते. परत रक्त. दहावीच्या वर्षात वाढलं. परीक्षा संपली की थांबेल वाटलं, तर आता निकालाची वाट बघत उकरतेय. आई ओरडून थकली, एकदा तर हात उगारला तिने. मी म्हटलं, नखांना कारल्याचा रस लावून बघा."

"कारल्याचा रस नखं खाणाऱ्यांना, मावशी. ही कुठे तोंडात घालते?"

"मग रात्री हाताला मोजे बांधू. खोड आहे ती. आत्ता मोडली नाही तर जन्माची लागेल."

"जन्माची लागते हे खरं, माझ्याकडेच बघ. पण खोड म्हणू नकोस."

"मग काय म्हणू? रोग?"

"डॉक्टर तसंच म्हणतात. इरॅस्मस विल्सन नावाच्या इंग्रज त्वचातज्ज्ञाने १८७५ सालीच याचं वर्णन लिहून ठेवलंय. फ्रान्सच्या ब्रोक यांनी १८९८ मध्ये पुळ्या कोरणाऱ्या तरुण मुलींबद्दल लिहिलं. तरी त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळायला २०१३ साल उजाडलं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत त्याची वेगळी नोंद झाली, आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही तो आहे. केस उपटण्याच्या आजाराशेजारी."

मावशीने एक वाल चिमटीत धरला, दाबला, डाळिंबी पातेल्यात पडली. "हे बघ, मी काही अडाणी नाही. पण आजार म्हटलं की पोरगी हात टेकेल. 'मला आजार आहे' म्हणेल आणि बसेल. खोड म्हटलं की निदान मोडायची जिद्द तरी राहते."

हा मुद्दा साधा नव्हता. मी थोडा वेळ गप्प बसले.

"मला या गोष्टीचं नाव छत्तिसाव्या वर्षी कळलं," मी म्हटलं. "त्याआधी बावीस वर्षं मी स्वतःला घाणेरडी समजत होते. जिद्द तर रोजच करत होते. रोज रात्री ठरवायचं, उद्यापासून नाही. आणि रोज सकाळी आरशासमोर तासभर. जिद्दीने जायचं असतं तर तुझ्या भाचीचं पंधराव्या वर्षीच गेलं असतं. नाव कळलं त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाला तरी विचारू शकले की यावर उपाय काय. खोडीवर उपाय कोण विचारतं? खोडीला बोलणी खावी लागतात."

मावशी काही बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "तुझ्या आईचा अंगठा आठवतो?"

आठवत होता. उजवा अंगठा, नखाच्या दोन्ही बाजूंनी कायम सोललेला, गुलाबी. आम्ही म्हणायचो, भांड्यांच्या राखेने झालंय.

"राख बिख काही नाही," मावशी म्हणाली. "लग्नाआधीपासून होतं ते. वडील घरी यायची वेळ झाली की दाराआड उभी राहून सोलत बसायची. मी बघायचे. कुणालाच काही वाटलं नाही." हातातला वाल तिने तसाच पातेल्यात टाकला. "म्हणजे हे घराण्यात आहे का आपल्या?"

"असू शकतं. घराण्यांत दिसतं ते. आणि जगभर आहे, शंभरात दोन-तीन माणसांना. बहुतेकांचं सुरू होतं ते वयात येताना, पुळ्यांच्या निमित्ताने."

इथून आमच्या बोलण्याचा सूर बदलला, पण मतं बदलली नाहीत. मावशीचं म्हणणं एकच: हात थांबवा. मी म्हणत होते, हात कधी जातो ते आधी बघा. कारण तो दोन तऱ्हांनी जातो, आणि हे तज्ज्ञही मान्य करतात. एक, नकळत. पुस्तक वाचताना, फोनवर बोलताना, अभ्यास करताना बोटं दंडावर फिरत राहतात, खरखरीत काही लागलं की थांबतात आणि काम सुरू करतात. माणसाला कळतं ते बोटाला ओलं लागल्यावर. दुसरी तऱ्हा जाणूनबुजून. न्हाणीघराचं दार लावायचं, दिवा लावायचा, आरशाला नाक टेकेल इतकं जवळ जायचं, आणि प्रत्येक छिद्र तपासायचं. तेव्हा आजूबाजूचं काही ऐकू येत नाही. एक पुळी फुटली की क्षणभर सगळं शांत होतं, आतलं भिरभिरणं थांबतं. मग लाज येते, आणि लाजेने परत भिरभिरायला लागतं. माझी तऱ्हा ही दुसरी. नातीची पहिली असणार, कारण सकाळी वाचताना तिचा डावा हात शर्टावरूनच दंडावर फिरत होता आणि डोळे पुस्तकातून हलत नव्हते.

"म्हणून मोजे तुझे तिला थोडे उपयोगी पडतील," मी म्हटलं. "बोटाला खरखर लागणार नाही. पण शिक्षा म्हणून बांधू नकोस. मी शाळेत असताना एका बाईंनी सगळ्या वर्गासमोर माझे हात पुढे करायला लावले होते. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवढं कोरलं तेवढं त्याआधी कधी कोरलं नव्हतं."

"बरं, ते मनाचं राहू दे बाजूला," मावशी म्हणाली. "आज जी कातडी सोललेली आहे तिचं काय? मी तिला सांगितलंय, जखम उघडी ठेव, वारा लागू दे, कडक खपली धरू दे. खपली धरली की निम्मं काम झालं."

"तिथेच तर सगळं बिघडतं, मावशी! खपली धरली की तिला कड येते. आणि कड आली की बोट तिथे जातं. आम्हां लोकांचं बोट कडच शोधत असतं गं. सपाट, मऊ जागेवर ते थांबत नाही. मी डोळे मिटूनही सांगू शकते माझ्या हनुवटीवर कुठे काय आहे."

"अगं पण खपलीशिवाय जखम भरेल कशी?"

मग मी तिला जॉर्ज विंटर यांच्या प्रयोगाबद्दल सांगितलं. १९६२ साली त्यांनी डुकरांच्या पाठीवर लहान, उथळ जखमा केल्या. काही उघड्या ठेवल्या, काहींवर प्लॅस्टिकचा पातळ पडदा चिकटवला. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगाने आली. उघड्या जखमेवर वाळलेली खपली होती, आणि नव्या पेशींना त्या सुक्या थराखालून वाट काढत पुढे सरकावं लागत होतं. ओलाव्यात त्या सरळ वरून पसरत गेल्या.

मावशी ऐकत होती. "शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडेही झाकायलाच सांगायचे," ती म्हणाली. "भाजलेल्यांना, बेडसोअरवाल्यांना. पण खरचटल्याला आपली सवयीने मोकळीच ठेवायचो. आधीची कितीतरी वर्षं ते जांभळं औषध फासायचं आणि सोडून द्यायचं." थोडं थांबून तिने विचारलं, "तू काय लावतेस?"

मला खोटं बोलता आलं नाही. "स्पिरिट."

"उघड्या जखमेवर?"

"हो. आग व्हायला हवी असते मला. केलंय ना, मग भोग आता, असं."

मावशीने हात पुसले. माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, जसं ती लहानपणी डोळ्यात गेलेलं काढायला वळवायची. "स्पिरिटने नवी आलेली कोवळी कातडीच जळते," ती म्हणाली. "चौतीस वर्षांत मी एकाही जखमेला शिक्षा केली नाही. तू स्वतःच्या तोंडाला करतेस?"

पुढचा अर्धा तास मावशी बोलली आणि मी ऐकलं. मनाचं मी तिला सांगत होते, कातडीचं तिने मला सांगितलं, आणि त्यात तिच्याशी वाद घालायला मला जागा नव्हती. कोरून झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणाला दाखवलंच नव्हतं.

आधी हात साबणाने धुवायचे. रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची घडी पाच मिनिटं दाबून धरायची, मध्ये उचलून बघायचं नाही. मग साधं पाणी आणि सौम्य साबण. चोळायचं नाही, टिपायचं. सूज आणि ठणका असेल तर बर्फ कापडात गुंडाळून थोडा वेळ. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. "महागड्या मलमाचं काही अडत नाही. स्वच्छ, लहान जखमेला अँटिबायोटिक मलमही लागत नाही, उलट काहींना त्याचीच अ‍ॅलर्जी येते." वरून न चिकटणारी पट्टी. चेहऱ्यावर असेल तर पुळीवर लावायच्या त्या गोल चिकट चकत्या हल्ली मेडिकलमध्ये मिळतात, हायड्रोकोलॉइडच्या. त्या पाझर शोषून पांढऱ्या फुगतात आणि जखम ओलसर राहते. पट्टी रोज बदलायची, चकती फुगली की. पण पू असेल, लाली पसरत असेल, हात लावून गरम लागत असेल किंवा ताप आला असेल तर घरी काही करत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. मधुमेह असलेल्याने तर त्याआधीच. नाकाच्या आणि ओठाच्या मधली पुळी कधीही पिळायची नाही. तिथला संसर्ग क्वचित का होईना, पण आत मेंदूकडे जाऊ शकतो.

"आणि हळद?" मी विचारलं. आजी हळद दाबून भरायची.

"दुधात घाल. डब्यातली हळद काही निर्जंतुक नसते, आणि ती जखमेत रुतून बसली की धुताना परत कातडी निघते. टूथपेस्ट नाही. लिंबू तर नाहीच! डागावर लिंबू चोळून उन्हात गेलेल्या पोरी मी पाहिल्यात, फोड येऊन डागापेक्षा मोठे चट्टे पडलेले." लिंबाच्या रसावर ऊन पडलं की कातडी भाजते, हे तिचं म्हणणं पुस्तकांतही तसंच आहे. आपल्या सावळ्या रंगाच्या त्वचेवर प्रत्येक जखमेनंतर काळसर डाग राहतो आणि तो जायला कित्येक महिने लागतात. त्या डागांच्या घाईपायीच माणूस मेडिकलमधून गोरेपणाची ट्यूब आणतो. तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. चार दिवस चेहरा छान दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, पुळ्या उठतात, आणि कोरणाऱ्या हाताला आयतं काम मिळतं. स्टेरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला केंद्र सरकारने २०१८ साली मनाई केली, तरी ती विकली जातात. डागांना सनस्क्रीन आणि वेळ, याहून जास्त काही हवं असेल तर त्वचातज्ज्ञ.

मावशीने आणखी एक गोष्ट काढली जी मला सुचली नसती. "आधी खाज आहे का ते विचारलं पाहिजे. हॉस्टेलवर राहून आलेल्या मुली खाजवून हैराण व्हायच्या, लोक म्हणायचे सवय लागलीय, आणि बोटांच्या बेचक्यांत बघावं तर खरूज. मोठ्या माणसांत साखर असते, मूत्रपिंड असतं, यकृत असतं. खाजेने हात जातोय की हाताने कातडी बिघडतेय, हे एकदा डॉक्टरने ठरवू दे."

नातीला खाज नव्हती. दंडावरचे दाणे म्हणजे केराटोसिस पिलारिस. केसाच्या मुळाशी केराटिनची बारीक बुची बसते, हाताला किसणीसारखं लागतं, वयात येणाऱ्या कितीतरी मुलामुलींना असतं. त्यात पू नसतो, काढण्यासारखं काही नसतं. उकरलं की तिथे सूज येते आणि दाणा मोठा होतो. न सोललेल्या कातडीवर युरियाचं किंवा लॅक्टिक अ‍ॅसिडचं लोशन रोज लावलं तर खरखर कमी होते. मावशी म्हणाली, नाहीतर आपलं कोकमाचं तेल आहेच, भेगांना लावतो ते. खरखर कमी झाली की बोट अडत नाही. हे म्हणताना ती स्वतःच थांबली आणि माझ्याकडे बघितलं. "म्हणजे तू म्हणतेस ती कडच काढायची."

"हो. मानसोपचारवाले पण हेच करतात. आरशावर कापड, न्हाणीघरात मंद दिवा, नखं बारीक कापलेली, चिमटा घरात नाही, वाचायला बसताना दोन बोटांच्या टोकांना चिकटपट्टी."

"आणि एवढं करूनही हात गेला तर?"

"त्याचीही पद्धत आहे. अझरिन आणि नन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली ती मांडली. हात कधी, कुठे जातो याची आधी आठवडाभर नोंद ठेवायची. न रागावता, नुसती नोंद. मग हात निघाला की त्या जागी दुसरं काहीतरी करायचं जे करताना कोरता येणारच नाही. मूठ वळायची आणि ओढ ओसरेपर्यंत, मिनिटभर, तशीच धरायची. ओढ लाटेसारखी येते, चढते आणि उतरते. ती आपोआप उतरते हे मला माहीतच नव्हतं, कारण मी कधी तेवढं थांबलेच नव्हते."

"मूठ वळून पोरगी किती वेळ बसेल? हाताला चाळा हवाय तो हवाच," मावशी म्हणाली आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं. "बघ तू काय करतेयस इतका वेळ."

मी बघितलं. तासभर मी वाल सोलत होते. भिजून फुगलेली साल, तिच्याखाली गुळगुळीत डाळिंबी. अंगठ्याच्या नखाने सालीला जराशी चीर द्यायची, चिमटीत दाबायचं, साल अखंड सुटून येते. अगदी तेच बोट, तोच दाब, सुटून येण्याचं तेच समाधान. त्या तासाभरात माझा हात हनुवटीकडे एकदाही गेला नव्हता.

"उद्यापासून वाल तिच्याकडे," मावशी म्हणाली. "वाल नसतील तेव्हा लसूण. वाचताना वाती वळायला देईन, कापूस काय कुठेही मावतो."

वालाने आजार बरा होतो असं मी म्हणणार नाही, आणि मावशीलाही मी तसं म्हणू दिलं नाही. ज्यांचे तास न् तास यात जातात, जखमा चिघळतात, जे यापायी कॉलेज, नोकरी, लग्नकार्यं टाळतात, त्यांना ही पद्धत जाणणारा मानसोपचारतज्ज्ञ लागतो. काहींना औषधंही लागतात. नैराश्यावरची काही औषधं वापरतात, एन-अ‍ॅसिटिलसिस्टिनवरही अभ्यास झाले आहेत. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. गोळ्यांचं नाव काढल्यावर मावशीचं तोंड वाकडं झालं ते झालंच. आजार की खोड, यावरही आमचं एकमत झालं नाही. ती अजून खोडच म्हणते. फक्त आता मोडायची गोष्ट करत नाही.

संध्याकाळी नात उठली. मावशीने स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घेतलं, गॉज घेतला आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. बाही वर कर असं म्हणाली नाही. आधी माझी हनुवटी धुतली, टिपली, जेली लावली, चकती चिकटवली. पोरगी बघत राहिली. तिला तोपर्यंत वाटत असावं की जगात हे करणारी ती एकटीच. मग तिने स्वतःच बटण काढलं. दंडावर जुने काळे डाग होते, तीन-चार ताज्या जखमा, एका खपलीची कड अर्धी उचललेली आणि तिला शर्टाचा धागा चिकटलेला. मावशीने ती खपली ओढली नाही. ओला गॉज ठेवून धागा सुटेपर्यंत धरून बसली.

"आजी, डाग जातील का गं?" पोरीने विचारलं.

"बरेचसे जातील. एखाददुसरा राहील," मावशी म्हणाली.

तुमच्या घरात ऐन उन्हाळ्यात कुणी लांब बाह्या घालत असेल, कुणाचा अंगठा वर्षानुवर्षं सोललेला असेल, न्हाणीघरात कुणाला फार वेळ लागत असेल, तर बाही वर करायला लावू नका. कोमट पाण्याची वाटी घेऊन शेजारी बसा. आणि तुम्ही स्वतःच ते असाल आणि सांगायला घरात कुणी नसेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, चोवीस तास, विनामूल्य, आणि तिथे मराठीत बोलता येतं.